वेशीवरचा दगड, बागेतला दगड

गाव वाढू लागले की त्याला बाग हवीशी वाटते, आणि बाग झाली की तिच्यात काहीतरी उभे करावेसे वाटते. मच्छे हे बेळगाव–खानापूर रस्त्यावरचे गाव. भाताच्या शेतांचे हे गाव पुढे औद्योगिक वसाहतीमुळे कारखान्यांचे झाले, आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या ‘ज्ञानसंगम’ आवारामुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. अशा वाढत्या गावांत सुशोभनाचा विषय निघाला की दोन सूचना हमखास पुढे येतात. पहिली, पुतळा बसवावा. दुसरी, शिवारात, वेशीवर आणि पडक्या देवळांच्या आवारांत विखुरलेले वीरगळ, सतीशिळा आणि भग्न मूर्ती गोळा करून बागेत मांडाव्यात. पहिल्या सूचनेविषयी सीमाभागात आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, क्वचित बोलण्याच्या पलीकडेही गोष्टी गेल्या आहेत. या लेखात आम्हांला दुसऱ्या सूचनेचा विचार करावयाचा आहे.

ही दुसरी सूचना वरवर पाहता निरुपद्रवी, किंबहुना पुण्यप्रद वाटते. उन्हापावसात झिजणारा दगड चार भिंतींच्या आत येणार, मुलांना इतिहास पाहावयास मिळणार, गावाला शोभा येणार. मग हरकत कोणाची असावी? शिवाय प्रश्न निकडीचाही आहे. गोव्याकडे जाणारा महामार्ग रुंद झाला. हलगा–मच्छे वळणरस्त्यासाठी सुपीक जमिनी जाऊ नयेत म्हणून येथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात आणि प्रत्यक्ष बांधावर झगडा दिला. जेथे बांधच हलतात तेथे बांधावरच्या दगडाचे काय होणार, हे सांगावयास नको. तेव्हा दगड हलवावेत की नाही, हा केवळ रसिकांचा प्रश्न राहिलेला नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, शिल्प बागेत आणले म्हणजे त्याची जागाच तेवढी बदलते असे नव्हे, त्याचे कामही बदलते. जुने काम काढून घेतले आणि नवे दिले नाही, तर दगड सुरक्षित राहतो, पण त्याला शिल्प म्हणण्याचे कारण उरत नाही. हे म्हणणे पटवून देण्यासाठी आम्ही आधी मुंबईची, मग फार दूरच्या उत्तरेकडची उदाहरणे घेणार आहोत आणि शेवटी आपल्या शिवारात परतणार आहोत.

मुंबईच्या भायखळ्यातील राणीचा बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पिंजऱ्यांतले जिवंत प्राणी पाहावयास आलेली गर्दी या हत्तीजवळ फारशी रेंगाळत नाही. परंतु मराठी मुलखात एखादे पुरातन पाषाणशिल्प शहराच्या सार्वजनिक बागेत आणण्याचा याहून बोलका दाखला नाही. हा घारापुरीचा हत्ती. तो पूर्वी बेटावर धक्क्याजवळ उभा होता, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली, पुढे धडही ढासळले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारी तुटली आणि तो बेत तेथेच फसला. मग तुकडे राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आरंभीचे पडणे आणि शेवटचे उभे राहणे यांत नेमके शतक गेले.

या हत्तीकडे शिल्प म्हणून पाहिले तर काय दिसते? अंगावर सांधे दिसतात, आणि ते लपविण्याचा फारसा खटाटोप नाही, हे आम्हांला बरे वाटते. शरीर जड, पाय खांबासारखे. लेण्यांतल्या सदाशिवाच्या मुद्रेवरची शांती किंवा अर्धनारीच्या अंगाची लय येथे शोधावयास जाऊ नये. जुन्या प्रवाशांच्या लिखाणात या हत्तीच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी असल्याचे येते. कोणी त्याला पिल्लू म्हटले, कोणी वाघ. आज ती पाठ मोकळी आहे. परंतु खरी उणीव अंगावरची नव्हे. हा हत्ती समुद्रातून येणाऱ्यासाठी घडविलेला होता. होडीतून उतरणाऱ्या माणसाला तो प्रथम दिसे. त्याचा आकार, त्याचे तोंड, त्याची उंची ही सारी त्या येण्याच्या हिशेबात होती. बागेत त्याच्याकडे कोणी कोठूनही येते, आणि म्हणून वस्तुतः कोठूनच येत नाही. धक्क्यावरचा राखणदार बागेत एक वस्तू झाला. तो वाचला, हे खरेच; लंडनला जाण्याऐवजी भायखळ्यात राहिला, याचे समाधानही लहान नाही. पण त्याचे काम बेटावरच राहिले, आणि बागेने त्याला दुसरे दिले नाही.

याच बागेत १९६५ मध्ये आणखी एक पाहुणा आला. तो दगडी नव्हे, धातूचा. प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७९ सालचा अश्वारूढ पुतळा. तो जेथून हलविला त्या चौकाला मात्र लोक काळा घोडाच म्हणत राहिले. घोडा नसलेल्या जागी घोड्याचे नाव अर्धशतक टिकले, आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना असा नवा काळा घोडा उभा राहिला. हत्ती गेला, तरी परक्यांच्या तोंडी बेट हत्तीचेच राहिले. घोडा गेला, तरी चौक घोड्याचाच राहिला. शिल्प हलविता येते, त्याने जागेला दिलेले नाव हलविता येत नाही, हे या दोन्हींवरून दिसते. बागेत येताना शिल्प हे नाव मागे ठेवून येते. म्हणूनच बागेत त्याला नव्याने नाव, नव्याने ओळख आणि नव्याने माणसे मिळवून द्यावी लागतात. ते न केल्यास पाटीवरचे चार शब्दही कोणी वाचीत नाही.

हे मिळवून देणे शक्य असते काय? या प्रश्नासाठी आम्ही वाचकांना कॅनडाच्या उत्तरेकडे नेतो. तेथील इनुइट लोकांचे पाषाणशिल्प हे गेल्या पाऊणशे वर्षांत दुर्गम बर्फाळ वस्त्यांतून मोठ्या शहरांच्या संग्रहालयांत आणि बागांत आलेले शिल्प आहे. आपल्या वीरगळांचे पाथरवट कधीच गेले; इनुइट शिल्पांचे पाथरवट हयात आहेत, ते बोलतात, हरकत घेतात. म्हणून जी गोष्ट आपल्याला तर्काने ओळखावी लागते ती तेथे कानांनी ऐकता येते.

इनुइटांच्या घरात दगड होता तो प्रथम स्वयंपाकाचा आणि उजेडाचा. संगजिऱ्याचा मऊ दगड कोरून ते ‘कुल्लिक’ नावाचा पसरट दिवा करीत. त्यात सीलची चरबी आणि शेवाळाची वात. बर्फाच्या घरात ऊब, प्रकाश आणि शिजलेले अन्न या दिव्यावर अवलंबून असे, आणि तो सांभाळणे हे घरातल्या स्त्रीचे काम असे. ज्यांच्या घरात अजून जाते किंवा पाटा-वरवंटा जपून ठेवलेला आहे, त्यांना दगड घरातला माणूस कसा होतो हे समजावून सांगावे लागणार नाही. याच लोकांनी हस्तिदंतासारख्या वालरसच्या सुळ्यात, हाडात आणि दगडात लहान लहान आकृतीही कोरल्या. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराच्या काठच्या इनुकजुआक वस्तीत गेला आणि तेथल्या मूर्ती घेऊन आला. पुढच्या वर्षी माँट्रियलमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले आणि सारा माल पाहता पाहता विकला गेला. १९५९ मध्ये केप डॉर्सेट, म्हणजे आजचे किन्गाइट, येथे शिल्पकारांची सहकारी संस्था उभी राहिली. साखर कारखाने आणि पतपेढ्या यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला कलेची सहकारी संस्था ही कल्पना परकी वाटू नये. मात्र आपल्याकडे पाथरवटांची अशी संस्था कोणी काढल्याचे सहसा ऐकू येत नाही.

या मूर्तींविषयी एक निरीक्षण जाणकारांनी वारंवार नोंदविले आहे. जुन्या लहान मूर्तींना बहुधा बैठकच नसे. त्या फळीवर ठेवण्यासाठी नव्हत्याच. हातात घेऊन फिरवून पाहण्यासाठी, थैलीत बाळगण्यासाठी होत्या. त्यांना समोरची बाजू अशी नसे, वर आणि खाली यांचाही आग्रह नसे. बाजारासाठी मूर्ती घडू लागली तेव्हा तिला बूड आले. मूर्ती उभी राहू लागली म्हणजे ती कोणाच्या तरी टेबलावर जाणार हे ठरले. टीकाकाराच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पाहणारा बदलला की शिल्पाचे अंग बदलते, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसरी गोष्ट नावाची. १९४०च्या दशकापासून कॅनडाच्या सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला क्रमांकाची चकती दिली. एकेरी नावे आणि वेगळा उच्चार कारकुनांना लिहिता येईना, म्हणून माणसाला आकडा दिला. पुढे कित्येक शिल्पकारांनी आपल्या मूर्तीच्या तळाशी नाव म्हणून हाच आकडा कोरला. १९७०च्या सुमारास आडनावे नोंदवून ही पद्धत मोडीत निघाली, तोवर अनेक उत्तम कृती आकड्यांसह जगभर गेल्या होत्या. संग्रहालयांना नंतर त्या आकड्यांवरून माणसे शोधावी लागली. म्हणजे ज्या काळात मूर्तीला किंमत आली त्याच काळात तिच्या कर्त्याचे नाव दप्तरात हरवलेले होते. बागेत शिल्प आणणाऱ्या कोणत्याही नगरपालिकेने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता बागांकडे वळू. संगजिरे मऊ असते. पावसाने आणि गोठण्याने ते उघड्यावर फार काळ टिकणार नाही. तळहातावर मावणारी मूर्ती तशीही मैदानात हरवून जाईल. म्हणून शहरांच्या बागांत इनुइटांचे जे शिल्प प्रथम ठळकपणे आले ते मूर्तीचे नव्हे, तर ‘इनुक्सुक’चे. इनुक्सुक म्हणजे माणसाच्या जागी काम करणारा दगडांचा रचाव. झाड नाही, डोंगराची ओळख नाही अशा सपाट प्रदेशात तो वाट दाखवी, मासळीची जागा सांगे, साठवलेल्या मांसाची खूण ठेवी, हरणांच्या कळपाला हवे तिकडे वळवी. व्हँकुव्हर येथे १९८६ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी रँकिन इन्लेटच्या अल्विन कानाक यांनी ग्रॅनाइटचा प्रचंड इनुक्सुक रचला. प्रदर्शन संपल्यावर, १९८७ मध्ये, तो शहराला मिळाला आणि इंग्लिश बे या समुद्रकाठच्या बागेत उभा राहिला. टोरोंटोत २००२ मध्ये किन्गाइटच्या केलीपालिक किमिरपिक यांच्या देखरेखीखाली ओंटारिओ सरोवराच्या काठी असाच एक भव्य इनुक्सुक उभारला गेला, आणि त्या बागेला त्याचेच नाव मिळाले. ज्या मराठी कुटुंबांची मुले त्या शहरांत स्थिरावली आहेत त्यांच्या छायाचित्रांत हे दगडी पुरुष हात पसरून मागे उभे असलेले आपण पाहिले असतील.

हात पसरून उभे. नेमका येथेच वाद निर्माण झाला. २००५ मध्ये, २०१० सालच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अशाच आकृतीचे बोधचिन्ह जाहीर झाले, तेव्हा नुनावुतचे माजी आयुक्त पीटर इर्निक यांच्यासारख्या जाणत्या इनुइटांनी जाहीर हरकत घेतली. हात, पाय आणि डोके असलेल्या आकृतीला त्यांच्या भाषेत ‘इनुंग्वाक’ म्हणतात, म्हणजे माणसासारखे दिसणारे. इनुक्सुक म्हणजे माणसाचे काम करणारे. दोन्ही शब्दांत माणूस आहे, पण एक त्याचे रूप घेतो आणि दुसरा त्याची जबाबदारी. शहराला रूप आवडले, कारण ते छायाचित्रात ओळखू येते. जबाबदारी शहराला नकोच होती. इंग्लिश बेवर वाट चुकण्याची भीती कोणाला आहे? राणीच्या बागेतल्या हत्तीची गत हीच, फक्त तेथे हरकत घेणारा कोणी उरला नव्हता.

तरी या दोन बागांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. दोन्ही ठिकाणी काम इनुइट माणसाला बोलावून करून घेतले गेले, कर्त्याचे नाव टिकले, आणि मूळ प्रदेशातला एकही जुना दगड त्याच्या जागेवरून उपटून आणला गेला नाही. बॅफिन बेटाच्या टोकावर शेकडो वर्षांचे इनुक्सुक आपापल्या जागी उभे आहेत. शहरांनी नवे रचून घेतले. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. आणखी पुढचे पाऊल विनिपेगमध्ये पडले. २०२१ मध्ये तेथे ‘कौमाजुक’ हे इनुइट कलेचे दालन उघडले. त्यात तीन मजले उंच काचेच्या कपाटात हजारो लहान पाषाणमूर्ती रस्त्यावरूनही दिसतील अशा ठेवल्या आहेत, आणि इमारतीबाहेर गूटा अशूना यांचे मोठे संगमरवरी शिल्प उभे आहे. लहान मूर्तीला मोठी केली नाही. लहान ती लहानच ठेवून सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात आणली, आणि उघड्यावरच्या जागेसाठी उघड्यावर टिकणारे नवे शिल्प हयात शिल्पकाराकडून घडवून घेतले. प्रत्येकाला त्याचे काम मिळाले. सार्वजनिक जागेत शिल्प आणण्याची याहून समंजस रीत आमच्या पाहण्यात नाही.

आता आपल्या शिवारात परत येऊ. वीरगळ कसा वाचावयाचा हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. तळाच्या पट्टीत लढाई किंवा गाईंच्या कळपासाठीची झुंज आणि पडलेला वीर. मधल्या पट्टीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या पट्टीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. आणि सर्वांच्या माथ्यावर चंद्रसूर्य, ते असतील तोवर ही कीर्ती राहो म्हणून. शेजारच्या सतीशिळेवर कोपरातून दुमडलेला, चुडा भरलेला हात. या दगडांच्या अभ्यासाला आपल्या शेजारच्या धारवाडने मोठे बळ दिले, एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादिलेला स्मृतिशिळांवरील ग्रंथ १९८२ मध्ये तेथूनच निघाला.

पण वीरगळाचे वाचन केवळ पट्ट्यांत संपत नाही. तो कोठे उभा आहे, हे त्याचे चौथे वाक्य असते. वेशीवर असेल तर वीर गाव राखताना पडला. शिवेवर असेल तर झुंज शिवेची. तळ्याकाठी असेल तर आणखी काही. हा दगड तळाशी जमिनीत रोवलेला असतो, कारण तो त्या भूमीसाठी पडलेल्याचा आहे. शिवाय गावाने त्याला पुढे दुसरे कामही दिले. ज्याचे नाव विसरले तो वीर कोठे म्हसोबा झाला, कोठे वेताळ. त्याला शेंदूर लागला, पेरणीच्या आधी नारळ मिळाला, आजारपणात त्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले गेले. अभ्यासकाला शेंदराखाली कोरीवकाम बुजल्याचे दुःख होते, आणि ते खोटे नाही. परंतु शेंदूर हा त्या दगडाला अजून काम असल्याचा दाखलाही आहे. इनुक्सुक माणसाच्या जागी उभा राहतो. आमचा वेशीवरचा दगडही तेच करीत आला.

असा दगड उपटून सिमेंटच्या चौथऱ्यावर, हिरवळीच्या कडेला, दिव्याच्या खांबांमध्ये रांगेत उभा केला, तर काय होते? तळाचा रोवलेला भाग वर येतो, त्यामुळे वीर जमिनीपासून सुटतो. शेजारी दुसऱ्या गावचा वीर येतो. दोघांची वैरे, दोघांच्या शिवा एकाच रांगेत पुसल्या जातात. गाऱ्हाणे घालणारा बागेत येत नाही, कारण बाग सकाळी ठराविक वेळी उघडते आणि नारळ फोडावयास मनाई असते. उरतो तो झिजलेला उठाव, आणि तोही पाहणाऱ्याला सर्वत्र सारखाच वाटतो. वीरगळांच्या कलेची थोरवी एकेका मूर्तीच्या नजाकतीत क्वचितच असते. ती असते एकाच सांगाड्यात दर गावाने आपला माणूस बसविण्यात. गाव काढले की सांगाडा तेवढा शिल्लक राहतो.

यापुढे जे लिहावयाचे ते आपल्या वाचकांना कदाचित अप्रिय वाटेल. पण टाळणे बरे नव्हे. आपली घराणी या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १९५६ नंतर आपल्या मराठीपणाला रोज पुरावा द्यावा लागला, आणि त्या ओढाताणीत जुना दगड दिसला की तो आपल्या बाजूचा साक्षीदार असावा, असे वाटू लागते. परंतु या दगडांनी कोणाची बाजू घ्यावयाची ठरविलेली नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात उभी राहिली. त्याच काळातले, १२०४ सालचे, रट्ट जिनालयाच्या दानाचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांची भाषा कन्नड आहे. हलशी ही कदंबांची. या परिसरातील वीरगळांवर अक्षरे असली तर ती बहुधा कन्नडच असतात. त्यावरून जसा आपला येथील हक्क उणा होत नाही, तसा मराठी बागेत आणल्याने तो दगड मराठी होत नाही. पाटी केवळ एका भाषेत लावली तर, ती भाषा कोणतीही असो, पुतळ्याचा जुना तंटा आपण या मुक्या दगडांच्या गळ्यात बांधू. पाटी दोन्ही भाषांत हवी, आणि लेख असल्यास त्याचे वाचन व अर्थही दोन्ही भाषांत हवे. शतकानुशतके दोन्ही भाषांच्या माणसांनी त्याच दगडाला तेल वाहिले असेल, तर पाटीनेच का अडून बसावे?

नावाचा मुद्दाही येथे पुन्हा येतो. कित्तूरजवळच्या देगावच्या कमलनारायण देवळाशी गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिचे नाव जोडलेले आहे. पण त्या देवळाने आपल्या शिल्पकाराचे नावही राखले आहे, ते तिप्पोज असे. बाराव्या शतकातला पाथरवट आपल्याला नावाने ठाऊक आहे. मग आज बागेत, चौकात, शाळेच्या आवारात उभ्या राहणाऱ्या शिल्पांवर उद्घाटकाचे, अध्यक्षांचे आणि सभासदांचे नाव संगमरवरावर सोन्याच्या अक्षरांत असते आणि घडविणाऱ्याचे कोठेच नसते, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण मानावे? इनुइटांना चकतीचा आकडा तरी मिळाला होता.

मग काय करावे? कोणताच दगड कधीच हलवू नये, असा आमचा हट्ट नाही. जेथे रस्ता खरोखरच येणार आहे तेथे दगड गाडला जाण्यापेक्षा हललेला बरा. कोल्हापूरच्या टाऊन हॉलचे उदाहरण समोर आहे. ब्रह्मपुरीच्या १९४५–४६ सालच्या उत्खननानंतर तेथे संग्रहालय आकाराला आले, आणि सभोवतीच्या बागेत जुने पाषाण झाडांखाली उभे राहिले. संग्रहालयाची सोबत असल्यामुळे त्या दगडांना निदान कोणी धनी आहे. दगडाविषयी विचारावयाचे झाल्यास कोणाला विचारावे, हे ठाऊक असते. धनी नसलेली बाग ही दगडाची दुसरी पडझड होय. म्हणून हलवावेच लागले तर हलविण्यापूर्वी जागेची, दिशेची आणि शेजारच्या वस्तूंची नोंद व्हावी, त्या गावच्या म्हाताऱ्यांकडून त्या दगडाचे चालते नाव लिहून घ्यावे, दगड त्याच शिवेच्या आत, जवळात जवळ रोवावा, आणि जेथे दिवा लागत होता तेथे तो लागू द्यावा.

जेथे रस्ता येत नाही तेथे मात्र दगड बागेत आणू नये. बागच दगडाकडे न्यावी. वेशीवरच्या वीरगळाभोवती चार हात जागा स्वच्छ ठेवणे, पाण्याचा निचरा करणे, एक सावलीचे झाड, बसावयास एक कट्टा आणि दोन भाषांतली एक पाटी, याला मोठा निधी लागत नाही. आणि ज्यांना नव्या बागेत शिल्प हवेच आहे त्यांनी ते नवे घडवून घ्यावे. मच्छे-उद्यमबागच्या कारखान्यांत लोखंड रसरसते, सीमाभागात दगड घडविणारे हात अजून आहेत, कोल्हापूरला शिल्पकलेची परंपरा आहे. शेतात राबणाऱ्या बाईचे, भट्टीपुढे उभ्या कामगाराचे, बांधासाठी भांडलेल्या शेतकऱ्याचे शिल्प आपल्या बागांत का असू नये? अशा शिल्पाला कोणताही जुना हिशेब मिटवावयाचा नसेल आणि कोणाची जागा रिकामी करावी लागणार नाही. त्याच्या तळाशी घडविणाऱ्याचे नाव असले म्हणजे झाले.

घारापुरीचा हत्ती आता बेटावर परत जाणार नाही, आणि जाऊन उपयोगही नाही. धक्का बदलला, होड्या बदलल्या. त्याच्यापुढे घटकाभर थांबून सांध्यांवरून नजर फिरवावी, एवढेच आपल्या हातात आहे. पण आपल्या वेशीवरचे दगड अजून आपापल्या जागी रोवलेले आहेत. त्यांच्याबाबत निवड करण्याची वेळ अजून गेलेली नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या गावच्या शिवेवरचा एक दगड जाऊन पाहावा, त्याचे तोंड कोणीकडे आहे ते लिहून ठेवावे आणि त्याला गाव काय म्हणते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. बागेचा ठराव मांडला जाण्याआधी ही नोंद हाती असली, तर त्या बैठकीत आपल्याला बोलता येईल.